शहरातल्या नदीतली चिलापी, मांगूर खाल्ले तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात नदीवरच्या पुलांखाली पोरं गळ टाकून भरपूर चिलापी (तिलापिया) काढतात, आफ्रिकन मांगूर पण लागतो, हे मासे बाहेरून आलेले आणि आपल्या माशांना संपवणारे, मग पकडून खाऊनच टाकले तर काय हरकत आहे. माझं सरळ उत्तर: शहरातल्या पट्ट्यातले नका खाऊ. चिलापी वाईट मासा आहे म्हणून नाही, ती ज्या पाण्यात वाढलीये त्या पाण्यामुळे.

चिलापी भारतात १९५२ साली मुद्दाम आणली, स्वस्तात प्रोटीन मिळावं म्हणून, आणि त्या हिशोबाने मासा चांगलाच आहे. शेवाळ, गाळ, किडे असलं खाते, दुसऱ्या माशांवर जगत नाही त्यामुळे मोठ्या शिकारी माशांइतका पारा तिच्यात साठत नाही. स्वच्छ तळ्यातली किंवा धरणाच्या वरच्या अंगाची मिळाली तर बिनधास्त खा.

गडबड अशी आहे की लोक म्हणतात मासा जिवंत आहे, उड्या मारतोय, म्हणजे पाणी बरं असणार. या माशांच्या बाबतीत हे अजिबात खरं नाही. मांगूर वर येऊन हवेतून श्वास घेतो, मासे पाळायच्या काचेच्या टाक्या साफ करणारा तो सकर मासा पण पाण्यातला ऑक्सिजन संपला की हवा गिळून जगतो, चिलापी कमी ऑक्सिजनमध्ये तग धरते. घाण पाण्यात बाकीचे मासे मरतात आणि हे उरतात, म्हणून तर ते एवढे माजलेत.

आता मुठा बघा. खडकवासल्यातून निघते तेव्हा ठीक असते, मग अख्ख्या शहराचे नाले तिच्यात, संगमाला मुळा मिळते आणि त्या मुळेत आधीच दापोडीला पवना पिंपरी-चिंचवडचं पाणी घेऊन आलेली असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे हा फक्त पुण्याचा प्रश्न नाहीये. सांडपाण्यातले जंतू आणि जंत नीट शिजवल्यावर मरतात, ते मला फारसं भीतीचं वाटत नाही (कच्चा मासा हाताळताना हात आणि पाट मात्र साबणाने धुवा). पण शिसं, कॅडमियम, पारा हे शिजवून, तळून, हळद-मीठ लावून कशानेच जात नाहीत. शिसं आणि कॅडमियम गाळात बसतात आणि जास्त करून माशाच्या काळीज (यकृत), मूत्रपिंड, कल्ल्यांत साठतात, म्हणून डोकं आणि आतलं सगळं टाकलं तर थोडा फरक पडतो, पण पारा थेट मांसात जातो, तो कापून काढता येत नाही.

दोन गोष्टी लोक नेहमी चुकीच्या समजतात. चिलापीचं पोट फाडलं की आतून काळं पातळ कातडं दिसतं, ते बघून बरेच जण म्हणतात गटारातली आहे. ते कातडं तिला जन्मजातच असतं, स्वच्छ पाण्यातल्या चिलापीला पण असतं, त्यावरून काही ठरवू नका. दुसरं म्हणजे मातकट वास. तो पाण्यातल्या शेवाळासारख्या जिवाणूंमुळे येतो आणि चिंच, कोकम, लिंबू लावलं की बराच जातो. पण वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही, आणि वास नाही म्हणजे मासा शुद्ध असंही नाही. धातूंना ना वास ना चव, कळायचं असेल तर लॅबमध्येच तपासावं लागतं.

मग उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या मच्छीचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच, कारण पुण्याचं सगळं पाणी भीमेतून शेवटी उजनीतच जातं. उजनी ११७ टीएमसीचं धरण आहे, त्यात घाण खूप पातळ होते, बराच गाळ वाटेत बसतो, त्यामुळे पुण्यातल्या म्हात्रे पुलाखालची चिलापी आणि भिगवणची चिलापी एकाच मापाने मोजू नये असं माझं मत. मी भिगवणला मासे खातो. पण उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालेलं असतं तेव्हा टाळतो, कारण त्या हिरव्या थराचं विष माशाच्या काळजात उतरू शकतं आणि ते शिजवून मरत नाही. आणि रोज खाणाऱ्या घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी समुद्रातले बांगडा, तारली आणा, कारण पारा-शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूवर जातं.

मांगूरचं वेगळं. आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे तरी लपून पाळतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला कोंबडीच्या दुकानातली घाण घालतात. तो कुठला आहे हे विकणारा खरं सांगेल याची खात्री नाही, त्यामुळे मी घेतच नाही. सकर मासा ॲमेझॉनकडे लोक कवचासकट भाजून खातात, पण जकार्तात चिलिवुंग नदीतल्या याच माशात शिसं, पारा सापडलाय. आपल्या नदीतला तर तळाचा गाळ खरवडूनच जगतो, त्याला हातच लावू नका.

राहिला प्रश्न हे मासे खाऊन संपवायचा. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा विते, गळाने काढून तिची संख्या हलत नाही. पकडली तर परत पाण्यात सोडू नका एवढं करा, आणि घरच्या टाकीतला सकर कंटाळा आला म्हणून नदीत सोडणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याला जरूर अडवा.