राखाडी पोपट घरी येण्याआधी

प्रिय दोस्ता,

आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखाडी पोपट, घरी आणायचा तर पिंजरा कसा हवा, असा तुझा प्रश्न आहे. उत्तर देतो, पण पिंजरा ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. मापं घेतली, पैसे मोजले, काम संपलं. आफ्रिकन ग्रे जड जातो तो त्याच्या स्वभावामुळे. हा पक्षी बघत बसतो, लक्षात ठेवतो आणि जे दोन-चारदा घडलं तो घरचा नियम समजतो. पहिल्या दोन महिन्यांत जे चालेल तेच कायम चालणार असं त्याने धरलेलं असतं. मागाहून तू सुधारणा करायला गेलास की त्याच्या लेखी नियम तूच मोडलास.

सर्वांत महागात पडणारी चूक उत्साहापोटी होते. पक्षी आणायचा म्हणून सुट्टी काढायची, दोन आठवडे त्याला सकाळ-संध्याकाळ खांद्यावर मिरवायचं आणि तिसऱ्या आठवड्यात दिवसभर कामाला निघून जायचं. घर एकदम सुनं. आधी तो ओरडतो, मग कुरतडायला स्वतःची पिसं घेतो. पिसं उपटण्याची सवय एकदा मुरली की मूळ कारण दूर झालं तरी ती जाईलच असं नाही; पिसाची मुळं वारंवार दुखावली की तिथे नवं पीसही येत नाही. त्यामुळे पिंजऱ्याआधी वही घे आणि एक पूर्ण आठवडा तुझ्या दिवसाचे तास खरेखुरे लिहून काढ. रोज दोन ते तीन तास पक्षी पिंजऱ्याबाहेर, तुझ्या नजरेसमोर राहू शकतो का? तेवढे तास नसतील, तर पुढचं पत्र कुतूहल म्हणून वाच. आणि हे वेळापत्रक एका वर्षाचं नाही. चांगली निगा मिळालेला ग्रे 40 ते 60 वर्षं जगू शकतो. तुझ्यानंतर तो कोणाकडे जाईल, हे त्या माणसाला विचारूनच ठरव.

दोन जाती दिसतील. काँगो ग्रे फिकट राखाडी, चोच काळी, शेपूट लालभडक, वजन साधारण 400 ते 550 ग्रॅम. टिम्ने अंगाने लहान, रंगाने गडद, शेपूट काळपट तांबडी, वरची चोच हाडासारख्या रंगाची, वजन 275 ते 375 ग्रॅमच्या आसपास. टिम्ने नव्या गोष्टींना कमी बिचकतो असं पाळणारे सांगतात. पण जातीपेक्षा पिल्लू कसं वाढवलंय ते जास्त मोलाचं.

पिल्लाचे डोळे बघ. लहान पिल्लाची बुबुळं काळपट असतात, मग राखाडी होतात आणि वर्ष-दोन वर्षांत फिकट पिवळी. पिवळ्या डोळ्यांचा पक्षी कुणी चार महिन्यांचा म्हणून दाखवला तर तिथून निघ. आणखी एक: चमच्याने किंवा सिरिंजने भरवावं लागणारं पिल्लू कधीही घेऊ नकोस. ‘स्वतः भरवलंस तर लळा लागेल’ ही विक्रेत्याच्या सोयीची समजूत आहे. भरवणीचं खाद्य जास्त गरम झालं तर अन्नपिशवी आतून भाजते, थंड झालं तर तिथेच आंबतं, घाई केली तर श्वासनलिकेत जातं. पिल्लं साधारण 12 ते 16 आठवड्यांची होईपर्यंत आपलं आपण खायला लागतात. काहींना त्याहूनही वेळ लागतो, तो द्यावा. पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर चांगल्या घरात वाढलेला, पण नवं घर शोधावं लागलेला प्रौढ पक्षीही बघ. त्याचा स्वभाव आधीच दिसतो, पिल्लाचा फक्त अंदाज.

कागदपत्रांवर तडजोड नको. पकडून विकण्यामुळे आणि जंगलतोडीमुळे हे पक्षी मूळ ठिकाणी इतके घटले, की 2016च्या परिषदेत साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात त्यांचा समावेश ठरला आणि 2017पासून तो लागू आहे. म्हणजे जंगलातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. पायात अखंड, सांधा नसलेलं कडं असणं ही चांगली खूण, कारण ते पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच चढतं. मोठ्या पायात जातच नाही. कड्यावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघ. तुझ्या देशात नोंदणीचा काय नियम आहे ते पैसे देण्याआधी लेखी विचारून घे.

आता घर. स्वयंपाकघरापासून सुरुवात कर, कारण तिथली चूक काही मिनिटांत पक्षी मारते. नॉनस्टिक भांड्यांचा लेप जास्त तापला की जो वायू सुटतो तो माणसाला फारसा कळतही नाही, पण पोपटाचं श्वसन इतकं कार्यक्षम असतं की तो त्यातच जातो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, एवढं पुरतं. हाच लेप काही इस्त्र्या, हीटर, ओव्हन आणि एअर फ्रायरमध्येही असतो. ‘दुसऱ्या खोलीत आहे ना पक्षी’ यावर विसंबू नकोस. ती भांडी घराबाहेर काढ. उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या, फवारे, सिगारेट यांनाही तोच न्याय. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून नको. छताचा पंखा पक्षी बाहेर असताना बंद, कमोडचं झाकण खाली, मोठ्या काचांवर सुरुवातीला कागदाच्या पट्ट्या.

पिंजऱ्याचं माप: निदान 90 सेंटिमीटर रुंद, 60 खोल, 120 उंच. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. गजांमधलं अंतर 2 ते 2.5 सेंटिमीटर. जस्त चढवलेली जाळी टाळ. ग्रे गज चावत बसतो आणि पोटात गेलेलं जस्त विषासारखं काम करतं. सोबत येणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून टाक. सालीसकट झाडाच्या फांद्या बसव, जाडी 2.5 ते 4 सेंटिमीटर आणि प्रत्येक वेगळी, नाहीतर तळव्याच्या एकाच जागी भार येऊन जखमा होतात. झाड विषारी नाही आणि त्यावर कीटकनाशक मारलेलं नाही, याची खात्री आधी. वाळूच्या कागदाची वेष्टणं नखं घासत नाहीत, तळवे सोलतात. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला हवी. चारी बाजू उघड्या असल्या की त्याला पाठ टेकवायला जागाच उरत नाही. रात्री 10 ते 12 तास अंधार आणि शांतता लागते. घर रात्री उशिरापर्यंत जागं असेल तर झोपेसाठी दुसऱ्या खोलीत छोटा पिंजरा ठेव.

या पक्ष्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर पक्षी असलेल्या घरी दोन-तीनदा तासभर बसून या, मग ठरवा. आठवड्यातून तीन-चारदा पक्ष्यावर नुसत्या कोमट पाण्याचा बारीक फवारा, आणि खोलीत हवेतली बारीक धूळ अडवणारं हेपा फिल्टरचं यंत्र. ओझोन सोडणारं यंत्र मात्र नको.

खाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ग्रेचं बहुतेक दुखणं वाटीतून येतं. सूर्यफुलाच्या बियांनी भरलेली वाटी त्याला आवडते. लहान मुलाला मिठाई आवडते तशी. त्यात चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व तुटपुंजं. कॅल्शियमची कमतरता ही तर या जातीची खास दुखरी नस आहे: पंख थरथरणं, तोल जाऊन दांडीवरून पडणं, शेवटी झटके. म्हणून आहाराचा 60 ते 70 टक्के भाग पोपटांसाठीच्या चांगल्या पेलेटचा (तयार गोळी-खाद्याचा), रोज साधारण पाव कप. उरलेल्यात बहुतेक भाज्या: गाजर, लाल भोपळा, रताळं, सिमला मिरची, हिरव्या पालेभाज्या, मोडाची कडधान्यं. फळ एक-दोन फोडी. अक्रोड-बदाम वाटीत टाकू नकोस, ते शिकवणीच्या बक्षिसासाठी राखून ठेव. ओली भाजी दोन-तीन तासांत उचल. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, खारट पदार्थ कधीच नाहीत, ‘एवढंसं’ही नाही.

पक्षी बियांवरच वाढला असेल तर एका दिवसात वाटी बदलू नकोस. पेलेट हे खाणं आहे हेच त्याला कळत नाही आणि तो समोर वाटी असून उपाशी राहतो. चार ते आठ आठवडे धर, बिया हळूहळू कमी कर आणि रोज सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन घे. 450 ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन 45 ग्रॅमने उतरलं म्हणजे दहा टक्के गेले. तिथे थांब आणि डॉक्टरांना गाठ. हा काटा पिंजऱ्याआधी विकत घे. पोपट आजार लपवतो, पिसं फुगवून बसलेला दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. काटा मात्र आठवडाभर आधी बोलतो.

कॅल्शियम पचायला ड-3 जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते, त्यामुळे काचेमागचं ऊन केवळ उजेड. आठवड्यातून तीन-चारदा 20-30 मिनिटं उघड्यावर, बंद पिंजऱ्यात, अर्धा पिंजरा सावलीत. नाहीतर तेच अतिनील किरण देणारा, पक्ष्यांसाठीचा यूव्हीबी दिवा, वेष्टनावर लिहिलेल्या अंतरावर. पेलेट चालू असताना मनाने जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालू नकोस. ड-3 जास्त झालं की मूत्रपिंडं जातात.

आता बोलण्याकडे वळतो, कारण मनातून तुला तेच हवंय. बहुतेक ग्रे वर्षाच्या सुमारास शब्द काढू लागतात, काही आयुष्यभर फक्त शिट्ट्या वाजवतात. पोपटांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांचा ग्रे पोपट अ‍ॅलेक्स 1977 साली दुकानातून घेतलेला होता आणि 2007मध्ये वारला. वस्तू, रंग, आकार तो नावाने सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. त्यामागे प्रशिक्षित माणसांची वर्षानुवर्षांची रोजची मेहनत होती. त्या पद्धतीतलं एक मात्र घरी जमतं: दोन माणसांनी पक्ष्यासमोर एकमेकांना वस्तू मागायची, नाव घ्यायचं आणि नाव घेणाऱ्याला तीच वस्तू द्यायची. ‘लाकूड’ म्हटल्यावर लाकूडच हातात. बक्षीस म्हणून बदाम दिलास तर ‘लाकूड’ म्हणजे बदाम हे तो झटकन शिकेल. बाकी मायक्रोवेव्हची पिपाणी आणि तुझ्या तोंडातली शिवी तो विनासायास उचलेल, कारण त्या जोशात उच्चारल्या जातात.

हातावर यायला घाई नको. आधी काडीच्या टोकाला चोच लावली की बक्षीस, हा खेळ पिंजऱ्याच्या गजांतून शिकव. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं. डोळ्याची बाहुली आकुंचन-प्रसरण पावतेय, मानेची पिसं उभी आहेत, अंग मागे कललंय, यातलं काही दिसलं की हात मागे घे. ही खूण मानली नाहीस तर तो खूण करणं सोडून थेट चावायला शिकतो. चावल्यावर ओरडू नकोस, त्याला तो तमाशा वाटतो आणि आवडतो. कुरवाळणं फक्त डोक्यावर आणि मानेवर. पाठीवर, पंखांखाली हात फिरवलास की त्याला ते जोडीदाराचं वागणं वाटतं, आणि मग अंडी, चिडचिड, तुझ्याशिवाय इतरांवर हल्ले असं सगळं मागोमाग येतं.

पंख छाटायला कुणी सांगेल. पिल्लाला आधी नीट उडायला आणि उतरायला शिकू दे. ग्रे अंगाने जड. छाटलेल्या पंखांनी तो दगडासारखा खाली येतो आणि छातीचं हाड फुटतं.

पक्षी आणण्याआधी पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोध. कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर पोपटाचा असेलच असं नाही. पहिल्या आठवड्यात वजन, विष्ठा, चोच-पिसांच्या विषाणूची आणि क्लॅमिडियाची (पक्ष्यांतला एक जिवाणू-संसर्ग) तपासणी. क्लॅमिडिया माणसालाही होतो. ताप-खोकला लांबला तर तुझ्या डॉक्टरांना घरात पोपट आहे हे सांग. घरात आधीचे पक्षी असतील तर नवा 45 दिवस वेगळ्या खोलीत, त्याचं खाणं-साफसफाई इतरांचं उरकल्यावर शेवटी.

पहिला दिवस: दार लाव, पाणी-खाणं ठेव, आणि त्याच खोलीत पाठ वळवून आपलं काम करत बस. पाहुणे नकोत. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम बाहेर जा, आधी 20 मिनिटं, मग तास, मग तीन. जाताना एक ठरलेला शब्द, आल्यावर एक ठरलेली शिट्टी. ओरडणं चालू असताना खोलीत शिरू नकोस. दोन क्षण थांबला किंवा शिट्टीने उत्तर दिलं की लगेच जा. जाण्याआधी खाण्याचा काही भाग कागदाच्या पुड्यांत, पुठ्ठ्याच्या नळ्यांत दडवून ठेव. नवं खेळणं थेट पिंजऱ्यात टांगलंस तर तो कोपऱ्यात थरथरत बसेल. चार दिवस खोलीच्या पलीकडे ठेव, रोज थोडं जवळ आण, मग आत.

तुझा,
एक जुना पक्षीपाळ

ता. क. ने-आण करायची पेटी कपाटात ठेवू नकोस. पहिल्या दिवसापासून उघडी, पिंजऱ्याजवळ, आत एखादा बदाम. डॉक्टरकडे धावायची वेळ आली की तो आपणहून आत जाईल. एरवी टॉवेल घेऊन घरभर पाठलाग करावा लागतो, आणि आजारी पक्ष्याला तेवढी धावपळही झेपत नाही.