मोठी म्हणते, ‘मला घरी यायचं नाही’

ताई, भांडुपला एसआरएच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. 300 चौरस फुटांची खोली. मोठी मुलगी 7 वर्षांची, दुसरीत, सकाळची शाळा. मधला 4 वर्षांचा, बालवाडीत. धाकटा 11 महिन्यांचा, रांगतो. मधला त्याला सारखा ढकलतो. मिस्टर पवईला नोकरीला, सकाळी नऊला निघतात, रात्री नऊला येतात. सासूबाई गावी, राजापूरला. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. पाणी पहाटे पाच ते साडेसहा. सकाळी पळापळ होते. संध्याकाळी सात वाजले की तिघंही एकदम रडायला लागतात आणि त्याच वेळी गिऱ्हाईक दारात. मोठी धाकट्याला घेऊन बसते म्हणून माझं चालतं. परवा तिच्या हातून तो पडला आणि मी तिला मारलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तर गेटवरच म्हणाली, ‘आई, मला घरी यायचं नाही.’ कधी कधी वाटतं, दार ओढून घ्यावं आणि खाली जाऊन एकटीनं बसावं. शेजारणी म्हणतात, तिसरं कशाला होऊ दिलंस. बाकीच्या बायका कसं करतात?
— तिघांची आई, भांडुप

प्रिय तिघांच्या आई,

शेजारणींचं आधी बाजूला ठेवू. मूल घरात आहे, रांगतंय, त्याला काय उत्तर द्यायचं? ‘आता आलाय ना, जरा घ्या त्याला दहा मिनिटं’ असं म्हण. घेतील त्या तुझ्या, बाकीच्यांचं मनावर घेऊ नकोस.

मला तुझ्या मोठीविषयी आधी बोलायचंय. तुझं पत्र मी तिच्या बाजूनं पुन्हा वाचलं. सकाळी सहाला उठते, शाळा करते, दुपारी घरी येते आणि आल्यापासून बाळ तिच्या मांडीवर. त्याला खेळवायचं, मशीनजवळ जाऊ द्यायचं नाही, मधल्यानं त्याला ढकललं तर तेही बघायचं. तो पडला तर मार तिला. ‘घरी यायचं नाही’ म्हणजे तिला तू नकोशी झालीस असं मुळीच नाही. शाळा सुटली की तिची दुसरी ड्यूटी घरात सुरू होते आणि ती संपत नाही, एवढंच ती सांगतेय. सात वर्षांची पोर याहून स्पष्ट कसं सांगणार?

तिनं घरात काहीच करू नये असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मोठ्या मुली हातभार लावतातच आणि लावावा. पण तिला काम असं दे, की जे कधी संपलं ते तिलाही कळेल. पाण्याच्या बाटल्या भरणं, वाळलेले लहान कपडे घडी घालणं, ताटं मांडणं. झालं की ती मोकळी. बाळाला सांभाळणं हे संपणारं काम नाही आणि ते तिच्या वयाचंही नाही. तू त्याच खोलीत असताना त्याच्याशी खेळायला हरकत नाही. पण तो पडला, काही तोंडात घातलं, तर जबाबदारी तुझी किंवा त्याच्या बापाची. हे तिला शब्दांत सांग. शिवाय मारल्याबद्दलही बोल. ‘मी तुला मारलं ते चुकलं. बाळ पडलं त्यात तुझा दोष नव्हता.’ एवढंच सांग. पुढे ‘पण तू पण ना’ असं जोडू नकोस, नाहीतर पुढचंच वाक्य तिच्या लक्षात राहील.

आणि दिवसातून एकदा ती एकटी तुझी असू दे. त्यासाठी राणीच्या बागेत न्यायला नको. खाली कोथिंबीर आणायला जाशील तेव्हा धाकट्याला शेजारी दहा मिनिटं ठेव आणि हिचा हात धरून जा. रात्री वेणी घालतानाचा वेळही चालेल. त्या वेळात अभ्यास, बाळ, दफ्तर काही काढू नकोस. ती काय बोलते ते ऐक.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण तुझ्या घरात पाणी पहाटे भरून ठेवावं लागतं. बादल्या, टब, पिंप, सगळं भरलेलं, आणि खाली रांगणारं मूल. या वयाची मुलं बादलीच्या कडेला धरून उभी राहतात. डोकं जड असतं, तोल गेला की उलटी आत जातात, आणि मग त्यांना स्वतःहून बाहेर येता येत नाही. चार बोटं पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. मोरीला दार असेल तर त्याला वर, हात पोचणार नाही अशी कडी लावून घे. दार नसेल तर पिंपाला घट्ट झाकण, आणि बादल्या ओट्यावर. तू आंघोळीला गेलीस की बाळ मोठीच्या भरवशावर, हे आजपासून बंद. नवरा घरात असताना, नऊच्या आत आंघोळ उरक. मशीनचंही तसंच. काम थांबलं की प्लग काढायचा, सुया आणि बटणं झाकणाच्या डब्यात. मधल्याला शेंगदाणे, फुटाणे खायला देशील तेव्हा बसवून दे आणि खाली सांडलेले लगेच उचल. धाकट्यानं एक दाणा तोंडात घातला तर श्वासनलिकेत अडकू शकतो.

आता संध्याकाळ. सात वाजता तिघंही एकदम का रडतात? भूक आणि झोप, दोन्ही एकाच वेळी अंगावर येतात म्हणून. मुंबईत आपली जेवणं बापाच्या लोकलवर ठरतात. तो नऊला येणार, मग साडेनऊला ताटं, मग अकराला झोप. मोठ्यांना हे चालतं. पण तुझी मोठी सहाला उठते. तिच्या वयाला निदान नऊ तास झोप हवी, म्हणजे साडेआठच्या आसपास ती आडवी झाली पाहिजे. 3-4 वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास लागतात आणि वर्षाच्या आतल्याला 12 ते 16. तुझी मुलं हट्टी नाहीत गं, ती रोज थोडी कमी झोपलेली आहेत.

म्हणून जेवण साडेसहाला. कुकर सव्वापाचला लाव, मशीन बंद करायच्या आधी. डाळ-तांदूळ एकाच कुकरमध्ये, वेगवेगळ्या भांड्यांत. शिट्ट्या झाल्या की मीठ घालायच्या आधी धाकट्याचा भात आणि वरण काढून चांगलं कालव, वर तूप. वर्षाच्या आत मीठ-साखर लागतच नाही, आणि मध तर अजिबात द्यायचा नाही. मग उरलेल्या वरणात मीठ, हळद, हिंग घालून दोघांना लिंबू पिळून दे, नाहीतर मेतकूट-भात. तुमच्या दोघांसाठी तेच वरण रात्री लसणाची फोडणी देऊन गरम कर. तीन वयांचे तीन स्वयंपाक कशाला? एकच कुकर, तीन वळणं. भाजी सकाळच्या डब्यातलीच ठेवली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

जेवण झालं की हातपाय धुवून रात्रीचे कपडे. टीव्ही बंद, मोठा दिवा बंद. मग मोठीचा राहिलेला अभ्यास, पण पंधरा मिनिटांच्या वर नाही. दुसरीतल्या मुलीचा अभ्यास रात्री आठला रडत करण्यात काही अर्थ नाही, राहिला तर वहीत बाईंना चिठ्ठी लिही. आठला अंथरुणं.

तू म्हणशील, मग पप्पा कधी भेटणार? हा प्रश्न तुझा नवराही विचारेल आणि तो रास्त आहे. पण पेंगत, चिडचिडत जागी ठेवलेली मुलं बापाला भेटतात तरी कुठे, ती त्याच्यासमोर रडतात आणि तो मोबाईल हातात देतो. त्याला सकाळ देऊन टाक. नऊला निघतो ना? मग सहा ते साडेआठ तो घरात आहे. मोठीला उठवणं, दूध देणं, शाळेत सोडणं त्याचं. परत आला की धाकटा त्याच्याकडे, तेवढ्या वेळात तू डबा आणि आंघोळ आटोपून घे. जाताना मधल्याला बालवाडीत सोडता आलं तर उत्तमच. एका आठवड्यात बसणार नाही, महिना लागेल. ‘मदत कर’ असं सांगू नकोस, ‘हे तुझं’ असं सांग, आणि त्यानं मोज्यांच्या जोड्या चुकवल्या तरी हात घालू नकोस.

गिऱ्हाईकांना वेळ बांधून दे. दारावर पुठ्ठा लाव, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाक: ‘ब्लाउज देणे-घेणे दुपारी 3 ते 5, रविवारी 11 ते 1’. नोकरीवाल्या बायकांना रविवार सोयीचाच पडतो. एखादी जाईल. तुझी फिटिंग चांगली असेल तर बाकीच्या वेळ पाळून येतील, कारण चांगली शिवणारी बाई सोडून कोणी जात नाही.

सकाळची पळापळ तू निभावतेसच, त्यामुळे फार लांबवत नाही. कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये. वेणी रात्रीच घट्ट घालून दे, सकाळी फक्त रिबीन. गणवेश, मोजे, ओळखपत्र एका खुर्चीवर. डब्याचे वार ठरवून फ्रीजवर चिकटव, म्हणजे पहाटे उभं राहून विचार करावा लागत नाही. पावसाळ्यात गणवेशाचा दुसरा जोड नसेल तर सोसायटीतल्या वरच्या वर्गातल्या मुलीचा मागून घे, नव्याची गरज नाही.

मधला सध्या का ढकलतो? तीन वर्षं तो घरातला लहान होता, आता नाही. त्याला ‘तू मोठा झालास ना’ म्हणून समजावू नकोस, त्याला ते नकोच आहे. त्याच्या हाताला काम दे: बाळाचा लंगोट आणून देणं, कुकरच्या शिट्ट्या मोजणं. विचारताना दोनच पर्याय ठेव, ‘लाल शर्ट की निळा?’, ‘आधी हात धुतोस की आधी ताट घेतोस?’ आणि मोठीशी भांडला की न्यायाधीश होऊ नकोस. वस्तू उचलून वर ठेव, दोघांना सांग, ठरवलंत की मिळेल. मोबाईल धाकट्याला नको. मधल्याला दिवसात तासाच्या आत, तोही जेवताना नाही. तळण काढताना वीस मिनिटं दिलास तर मात्र मनाला लावून घेऊ नकोस. गरम तेलाजवळ तो असण्यापेक्षा ते बरं.

आजारपण तीन मुलांच्या घरात एकट्यादुकट्यानं येत नाही. तेव्हा घाईत एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं, ते टाळ. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये तेवढं साधारण 4 मिलीत. मोठीच्या सिरपचं माप धरून थेंब दिले तर चौपट औषध जातं. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं माप लिही. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, थोडं थोडं कालवायचं नाही, आणि उरलेलं 24 तासांनी फेकायचं. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायच्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दोन्ही मिळतात. तिघांची लसीकरणाची कार्डं एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. धाकट्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत येईल, मधल्याचा डीपीटीचा बूस्टर 5 वर्षं पूर्ण झाली की. मधल्या मुलाचीच लस राहते, हे मी खूप घरांत बघितलंय.

तिघांना घेऊन लोकलनं जायची वेळ आली तर गर्दीची वेळ सोड. धाकटा ओढणीनं छातीशी बांध म्हणजे दोन हात मोकळे. मधल्याच्या खिशात तुमच्या दोघांचे नंबर लिहिलेला कागद. मोठीला शिकव: चुकलीस तर आहेस तिथेच थांबायचं, पोलीस नाहीतर मुलं बरोबर असलेली बाई शोधायची, 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर सांगायचा.

शेवटी तुझं ते दार ओढून घेण्याचं. संध्याकाळी हात उचलायची वेळ येतेय असं वाटलं तर धाकट्याला खाली मधोमध ठेव, मोरीची कडी लाव, गॅस बंद कर आणि गॅलरीत जाऊन तोंडावर पाणी मार. पाच मिनिटं बाळ रडलं तर त्याला काही होत नाही. पण मूल झोपलं तरी तुला झोप येत नसेल, दोन आठवडे रोज रडू येत असेल, जेवण जात नसेल, मुलांना किंवा स्वतःला काही करावंसं वाटत असेल, तर ते थकणं नव्हे, आजार आहे. बाळंतपणानंतर वर्षभरात तो होतो आणि औषधानं बराही होतो. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. लावायला लाजू नकोस.

हे पत्र नवऱ्याला वाचायला दे. आणि येत्या रविवारी जेवणं झाली की तिघांना घेऊन त्याला तासभर खाली पाठव. बिल्डिंगच्या आवारात फिरतील, आइस्क्रीम खातील, काय करायचं ते त्याचं तो बघेल. तू त्या तासात मशीन लावू नकोस, भांडीही घासू नकोस. पंखा लाव आणि झोप.

तुझी,
ताई