प्रथिन न बनवणारा आरएनए इन्सुलिनच्या कामात आडवा येतो का?
हो, येतो. आरएनए म्हणजे जनुकावरून उतरवलेली प्रत; काही प्रतींवरून प्रथिन बनतं, काहींवरून नाही. न बनवणाऱ्यांचं एक नीट उलगडलेलं उदाहरण मायक्रोआरएनए-१०३ आणि १०७ या जोडीचं. जेमतेम २३ अक्षरांचे हे आरएनएचे तुकडे दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतात आणि त्याचं प्रथिन बनू देत नाहीत. चरबीच्या पेशींत ते कॅव्हिओलिन-१ घटवतात. पेशीच्या आवरणात इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिनचा निरोप घेणारी प्रथिनं, टिकवून धरायला मदत करणारं प्रथिन ते! ते कमी झालं की रिसेप्टरही घटतात, आणि इन्सुलिन असूनही साखर पेशीच्या दाराशी ताटकळते. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं, की ही जोडी दाबल्यावर लठ्ठ उंदरांत इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागलं. मात्र हा पुरावा उंदरांचा आहे. माणसातल्या मधुमेहाचं सगळं खापर या जोडीवर फोडता येणार नाही.