स्वतः विकत घेतलेल्या ओरिजिनल संगीत सीडी भाड्याने देण्याचा व्यवसाय करता येईल का?

सीडी काढणाऱ्या संगीत कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय नाही. बिल असलं तरी फक्त डिस्क तुमची. ती व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइट कायदा १९५७, कलम १४ नुसार रेकॉर्डिंगच्या मालकाकडेच राहतो. जाणूनबुजून केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद, शिवाय दंड ५० हजार ते २ लाख. २०१२ च्या दुरुस्तीने नफा न कमावणाऱ्या वाचनालयांना सूट दिली, तीही कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतींपुरतीच.

परवाना मिळाला तरी गणित जमत नाही. गिऱ्हाईक एकदा सीडी नेतं, लॅपटॉपवर गाणी उतरवून घेतं आणि परत येत नाही. ओरखडे पडलेली डिस्क पुन्हा तुम्हीच विकत घ्यायची. आता तर नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो! त्यापेक्षा जुन्या ओरिजिनल सीडी संग्राहकांना विका.