गड्डी हलकी ठेव, वळणाआधी गिअर उतरव

परवाच्या रॅलीच्या डावात, म्हणजे पत्ते घेत आपली गड्डी बनवायची आणि पटावर गाडी पळवायची त्या खेळात, तू दर फेरीला नवा पत्ता घेत होतास. इंजिन झालं, टायर झाले, टर्बोही आला. तरी औश्याचा पोरगा पुढं गेला, कारण त्याची गड्डी बारीक होती. हिशोब बघ: १० पत्त्यांची गड्डी, दर फेरीला हातात नवे ५, म्हणजे प्रत्येक पत्ता दोन फेऱ्यांतून एकदा येणारच. गड्डी २० ची झाली की तोच पत्ता चार फेऱ्यांतून एकदा भेटतो. तोवर घाट संपलेला असतो. म्हणून सुरुवातीचे कमजोर पत्ते काढायची संधी आली की आधी ती घे, खरेदी नंतर.

आता फासे. एका बाजूवर धोक्याची खूण असलेले चार फासे टाकले, तर निदान एक खूण येण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के असते. २००९ च्या ‘रॅलीमन’ या गाड्यांच्या शर्यतीच्या पटावरच्या खेळात फासे एकेक करून टाकता येतात आणि हवं तिथं थांबताही येतं. ही सवय मला फार मोलाची वाटते. दोन खुणा आल्या की हात आखडता घे.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना ट्रकवाला वळणाच्या आधीच गिअर पाडतो, वळणात शिरल्यावर नाही. पटावरही तसंच कर. आणि चिखलाचा टप्पा असेल तर पावसानंतरची आपली काळी माती आठव, चाक कसं सरकतं ते.

रविवारी मी शेजारी बसते. पत्ते मात्र तूच पिस.