भावांना एकत्र ट्रेकला पाठवू का?

मी समुपदेशक. दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. घरात दोघांचा अबोला असतो आणि मधलं कुणीतरी कावलेलं असतं. तेच माणूस विचारतं, ‘सगळ्यांना चार दिवस कुठेतरी बाहेर नेलं तर निवळेल का? की आणखी चिघळेल?’

अशीच एक वहिनी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासरे गेल्यापासून तिचा नवरा आणि दीर बोलत नव्हते. कारण नेहमीचंच. फ्लॅट वडिलांच्या नावावर, मृत्युपत्र नाही; म्हणजे कायद्याने आई आणि दोन मुलगे असे तीन सारखे वाटे. वडिलांचं आजारपण थोरल्याने काढलेलं. त्यामुळे फ्लॅट आपलाच असं त्याने धरून चाललं आणि तेराव्याची पंगत उठल्यावर धाकट्यासमोर हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. धाकट्याने कागद परत सरकवला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्यानंतर तो आईला भेटायचा तो देवळात.

कॉलेजात असताना या दोघांनी मिळून निम्मा सह्याद्री पालथा घातला होता. वहिनीचा बेत असा, की नवऱ्याला पत्ता लागू न देता दिराला कसारा स्टेशनवर बोलवायचं. मी साफ नको म्हटलं. फसवून समोरासमोर आणलेल्या माणसाचा पहिला राग आणणाऱ्यावर निघतो, आणि वहिनी हा त्या घरातला एकमेव शाबूत पूल होता.

मी दोघांना वेगवेगळं भेटले. कोण येणार आहे हे आधीच सांगितलं. फ्लॅटचा विषय वाटेत कुणीही काढायचा नाही आणि नको वाटलं तर कुठल्याही गावातून परत फिरायची मोकळीक, या दोन अटी दोघांनाही पटल्या. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत, तिथून पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा मार्ग ठरला. सोबत थोरल्याची कॉलेजात जाणारी मुलगी आणि गावातला वाटाड्या. सामान बांधताना एक गोष्ट मी मुद्दाम करायला लावली. तंबूचं कापड एकाच्या सॅकमध्ये, दांडे दुसऱ्याच्या. स्टोव्ह याच्याकडे, शिधा त्याच्याकडे.

यामागे नुसती हौस नव्हती. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात शाळकरी मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात चुरस लावली. ती इतकी पेटली की मारामाऱ्या सोडवाव्या लागल्या. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, उपयोग शून्य. जेवणात तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर उतरायला लागलं ते पाण्याची टाकी बंद पडल्यावर आणि ट्रक सगळ्यांना मिळून ओढावा लागल्यावर. या प्रयोगावर पुढे टीका झाली, संयोजकांनी मुलांना मुद्दाम भडकवलं अशी, आणि ती रास्त आहे. पण एवढं मला रोजच्या कामातही दिसतं. हॉटेलात नेऊन एका टेबलाशी बसवलेली नाराज माणसं मोबाईल बघत बसतात.

रतनगडाच्या वाटेवर जंगलात फाटा फुटतो. एक वाट गडाच्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. थोरल्याची मुलगी सांगत होती, खिंडीपर्यंत दोघं चकार शब्द बोलले नाहीत. पण चढावर धाप लागलेली, वाट एकामागून एक चालायची. तिथे गप्प राहण्याचा कुणाला राग येत नाही. माझ्या खोलीत समोरासमोरच्या खुर्च्यांवर तीच शांतता नकोशी होते.

संध्याकाळी कुमशेतला एका खळ्यात विचारून तंबू लावला. दांडे आणि कापड एकत्र आल्याशिवाय तो उभा राहणार नव्हताच. मग खिचडी. थोरल्याने मीठ घातलं आणि धाकट्याने न विचारता पुन्हा घातलं. खारट खिचडीवरून दोघं असे भांडले की शेजारच्या घरातून म्हातारी बाहेर आली आणि दही देऊन गेली. मला हे ऐकून फार बरं वाटलं. किती तरी दिवसांनी ते फ्लॅट सोडून दुसऱ्या कशावरून तरी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावर थोरल्याचा गुडघा बोलायला लागला. धाकटा दोन पावलं खाली जाऊन थांबला. ‘दादा, पाय आडवा टाक. सॅक दे इकडे.’ दादाने आढेवेढे घेतले आणि दिली.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मनं मोकळी झाली असतील असं वहिनीला वाटत होतं. पण तिथे शनिवारच्या गर्दीची जत्रा होती. बोलणं झालं ते गड उतरल्यावर पाचनईत, राजूरच्या जीपची वाट बघत. थोरल्याने शेवटच्या महिन्यातल्या रात्रींचं सांगितलं. वडील त्याला ओळखेनासे झाले होते, हेही. धाकटा म्हणाला, ‘एवढं वाढलंय हे मला कळवलं का नाहीस?’ थोरल्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून माझं उत्तर अर्धंच ‘हो’ आहे. सहलीने वाद सुटत नाही, फार तर वादाबद्दल बोलता येण्याइतकी जीभ सैल होते. आणि जिथे मारहाण, दारू किंवा कुणा एकाची दहशत आहे, तिथे जंगल कटाक्षाने टाळा. फोनला रेंज नाही, निघून जायला वाट नाही, अशा ठिकाणी घाबरलेल्या माणसाला नेणं धोक्याचं आहे. तिथे आधी सुरक्षितता बघायची.

या घरात फ्लॅट अजून तिघांचाच आहे. आजारपणाचा खर्च वाट्यातून वळता करावा असं थोरल्याचं म्हणणं, धाकट्याला त्याची बिलं बघायची आहेत. आता दोघं एकाच वकिलाकडे जातात. मागच्या आठवड्यात तिथून निघताना पुन्हा वाजलं, पण धाकटा आईला भेटायला घरी गेला.