एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) एमआरआयमध्ये 'मेंदू आकसलाय' आलं तर कितपत खरं मानायचं?

भाऊ, आधी घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की ताईचा मागचा एमआरआय जळगावला १.५ टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) झाला, यंदा मे महिन्यात नाशिकला ३ टेस्लावर, आणि रिपोर्टात आलंय की मेंदूतले डाग (आजाराने इजा झालेल्या जागा) वाढलेत अन् मेंदू थोडा आकसलाय. पण मशीन बदललं की तुलनाच कच्ची होते, ३ टेस्लावर बारीक डाग जास्त दिसतात, ते आधीपण असतील फक्त दिसले नसतील, स्लाइस (स्कॅनमधला मेंदूचा एकेक काप) ५ मिमीची होती का ३ ची त्यानेपण फरक पडतो.

आकसण्याचं तर अजून नाजूक आहे. निरोगी माणसाचा मेंदूपण वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के कमी होतो, एमएसमध्ये ०.५ ते १ च्या आसपास, म्हणजे सगळा खेळ अर्ध्या टक्क्याचा, आणि नुसतं अंगातलं पाणी कमी झालं तरी माप तेवढं हलू शकतं, आपल्याकडचं मे चं ऊन अन् त्यात गाडीचा प्रवास, बघा तुम्हीच. स्टेरॉइड किंवा नवीन औषध चालू झाल्यावर सूज उतरते, तेव्हापण मेंदू लहान झाल्यासारखा दिसतो. आणि नुसत्या नजरेने लिहिलेलं 'थोडा आकसलाय' हे मोजमाप नाहीच.

मात्र कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर चमकणारा डाग असेल तर तो ताजा धरतात, ते हलक्यात घेऊ नका. दोन्ही सीडी न्यूरोलॉजिस्टला शेजारीशेजारी लावून बघायला सांगा, फिल्मवर भागत नाही. पुढचा स्कॅन त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने (म्हणजे त्याच सेटिंगने) करा. तोवर औषध स्वतःहून बंद करू नका प्लीज.